तिसरा जोड

भटूने गाडी शेडखाली आणली तेव्हा इंजिन नीट चालत नव्हतं. उभ्या गाडीत ते मधूनच अडखळायचं, आणि बॉनेटच्या आतून सारखा फुसफुस आवाज येत होता.

"लोटन, ब्रेक दगड व्हई जास," खाली उतरत भटू म्हणाला. "कधी सुदा लागस, आनि कधी मी त्यावर उभा ऱ्हायनू तरी दबत नही."

शहाद्याहून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोटनची पत्र्याची शेड होती. तो कोरीटचा, पाटलाच्या घरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत देवळालीला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि लढाई संपल्यावर हातात कसब घेऊन परत आला. भटूही कोरीटचाच, गुजरांच्या घरातला, वयाने चार वर्षं मोठा. लहानपणी दोघं तापीत एकत्र पोहलेले. लोटन त्याला भटूभाऊच म्हणायचा.

गाडी जंगलाचे ठेकेदार रूपचंदशेठ यांची. लढाईत वापरलेली आणि नंतर लष्कराने मोडीत काढलेली मोठी ट्रक होती ती. चारी चाकं ओढायची, म्हणून धडगावच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर बाकीच्या गाड्या अडकल्या तरी ही बांबू भरून खाली यायची. तिचे ब्रेक मात्र साधे नव्हते. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा जोर एका नळीतून खालच्या लोखंडी डब्यापर्यंत जातो, आणि तो डबा ड्रायव्हरच्या पायाला मदत करतो. ओढ पोचली नाही तर सगळा जोर एकट्या पायाने लावायचा. एवढी जड गाडी एकट्या पायाने थांबत नाही.

लोटनने बॉनेट उघडलं. नळी लोखंडाची होती, पण तीन ठिकाणी रबराचे जोड होते. त्याने तेलाच्या कुपीतून एकेका जोडावर थेंब सोडले. थेंब पडला की फुसफुस थांबे, इंजिनचा आवाज सुधारे, आणि तेल आत ओढलं गेलं की पुन्हा सुरू होई. तिन्ही जोड तडकलेले होते. सतरा-अठरा वर्षांचं रबर उन्हातल्या मातीसारखं भेगाळलं होतं.

पहिल्या दोन जोडांना लांबी पुरेशी होती. तडकलेली टोकं कापून त्याने ते पुन्हा चढवले आणि वरून पट्टी आवळली. ते काम चोख झालं. तिसरा जोड इंजिनला लागूनच वळण घेत होता. तो आडवा-उभा फाटला होता, आणि पाना लावताच त्याचा तुकडा हातात आला. इथे जाड रबर लागतं, आत कापडाचे थर असलेलं. शहाद्यात ते कुणाकडे नव्हतं, आणि नंदुरबारलाही मिळण्यातलं नव्हतं.

"मुंबईहून मागवावं लागेल," तो रूपचंदशेठना म्हणाला. शेठ तेवढ्यात सायकलरिक्षातून येऊन उभे राहिले होते.

"मागव की. पण होळी चार दिवसांवर आलीय. वर बांबू पडलाय, आणि माणसांना होळीला खाली पोचवायचं मी कबूल केलंय. काठी गावची होळी चुकली तर पुढच्या साली एक माणूस माझ्या कामावर येणार नाही. आठ दिवस भागेल असं काहीतरी कर."

लोटनने ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. एकावर एक तीन थर सोल्युशनने चिकटवून नळी केली, वाळवली, दोन्ही टोकांना तार आवळली. मग त्याने इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन चालू केलं. पाय आपोआप खाली गेला. डबा काम करत होता. भटूने गाडी प्रकाशाच्या रस्त्यावर नेऊन आणली. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"लोणीसारखा ब्रेक! तुन्हा हातले तोड नही, लोटन. बाकीना मिस्तरी माले मुंबई दाखाडतस. तू एकटाच गाडी रस्तावर आनस."

लोटनही हसला. हात पुसताना एक गोष्ट त्याच्या मनात होती. ट्यूबचं रबर मऊ असतं. उतारावर ड्रायव्हरने गॅसवरचा पाय काढला की इंजिन सगळ्यात जोरात ओढतं. त्यात इंजिनची धग लागून रबर आणखी मऊ पडलं तर नळी आतल्या आत चपटी होईल, आणि वरून काहीच दिसणार नाही. देवळालीला अशा नळीत तारेचं वेटोळं घालायचे. तसली तार शेडमध्ये नव्हती. होळीनंतर नंदुरबारहून आणू, असं त्याने ठरवलं.

भटूला हे सांगायचं तर आत्ताच मिळालेली शाबासकी परत केल्यासारखं झालं असतं. तो बोलला नाही. भटूने हॉर्न वाजवला आणि गाडी वळवली.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी ती गाडी घाटात उलटली.

बांबू भरलेला होता आणि बांबूवर बावीस माणसं बसलेली होती. पुरुषांच्या मांडीवर ढोल होते. बायकांनी चांदी घातली होती. तळोद्यापर्यंत गाडीने आणि तिथून पुढे काठीला पायी, असा बेत होता. मुकादम रूपसिंग पावरा भटूच्या शेजारी बसला होता. त्याने नंतर सांगितलं ते असं: पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी भटूने ब्रेक दाबला आणि एकदम ओरडला. मग तो स्टिअरिंग धरून सीटवरून अर्धा उठला आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. गाडी पळतच होती. त्याने हँडब्रेक ओढला. गिअर खाली टाकायला गेला, तो पडला नाही, नुसता खरखरला. मग त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीत नेली नाही, म्हणून जे वाचले ते वाचले.

सात माणसं बांबूखाली मेली. रूपसिंगच्या टोळीतला चैत्या त्यातलाच. वर सगळ्यांत उंच तोच बसला होता. भटूचा उजवा पाय केबिनमध्ये चेचला गेला. धुळ्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला. रूपसिंगचं गळ्याचं हाड मोडलं.

तिसऱ्या दिवशी फौजदार लोटनला घेऊन घाटात गेले. रूपचंदशेठही होते. रस्त्यावर बांबू पसरले होते आणि त्यांच्यात एक फुटका ढोल अडकला होता. लोटन आडव्या गाडीच्या इंजिनपाशी वाकला. तिसरा जोड जागच्या जागी होता. तार सुटली नव्हती, रबर फाटलं नव्हतं. फक्त मधोमध तो आत बसला होता आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या, दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांसारख्या.

"ब्रेक कसे आहेत?" फौजदारांनी विचारलं.

"तेल भरलेलं आहे साहेब. नळ्या फुटलेल्या नाहीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फौजदारांनी त्या लिहून घेतल्या.

"वरती होळीआधी आठ दिवस मोहाची दारू चालते," रूपचंदशेठ बाजूला बघत म्हणाले. "हा ड्रायव्हर त्यांच्यातच राहत होता."

फौजदारांनी तेही लिहिलं. ते रस्त्याची मापं घ्यायला गेले, तेव्हा लोटनने चाकूने तार कापली आणि जोड काढून खिशात टाकला. कुणासाठी काढला हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. मग तो गाडीच्या पलीकडे जाऊन बसला.

भटू दोन महिन्यांनी कोरीटला परतला. दारू पिऊन गाडी चालवली आणि सात माणसं मारली, असा खटला त्याच्यावर उभा राहिला होता. गावात कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पण त्याची बायको प्रमिलाबाई विहिरीवर गेली की बायका घागरी भरून लवकर निघून जात.

लोटन भेटायला गेला तेव्हा भटू ओट्यावर खाटेवर बसला होता. खाली कापलेला पाय लोंबत होता. बोलताना तो पाय मधूनच ताठ होई आणि पुढे ढकलल्यासारखा हले.

"हाई दख," भटू म्हणाला. "दिनभर चालस. मन्हं ध्यान नसनं तरी दाबत ऱ्हास. घरमा सम्दासले वाटस, दुखस म्हनीसन हालस. पन मी ब्रेक दाबस."

लोटनने नजर अंगणाकडे वळवली.

"सकाळमा चैत्यानी मोहानी एक वाटी दिधी व्हती," भटू खाली बघत म्हणाला. "एकच. सन शे, नही कसं म्हनानं? मी फौजदारले सांगं नही. पन आते वाटस, त्यानीच मन्हा पाय चुकना व्हई. ब्रेकवर पडनाच नही व्हई. फौजदारनी लिखेल शे ना, ब्रेक चांगला व्हतात. तूच सांगेल ना?"

"मीच सांगं."

"मंग चूक मन्हीच."

लोटन उठला आणि निघून आला. जोड त्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या पेटीत, जुन्या बेअरिंगखाली होता. पुढचे काही दिवस त्याने कामं घेतली नाहीत. एक ऑइल इंजिन दुरुस्तीला आलं होतं ते तसंच पडून राहिलं. बायको दगूबाईने विचारलं तर अंगात कसर आहे म्हणाला. जेवायला बसायचा आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचा.

वैशाख संपता संपता भटूने निरोप धाडला. लोटन गेला. यावेळी भटू दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता.

"तारीख लागेल शे," तो म्हणाला. "मी गुन्हा कबूल करसू. वकील नको, काही नको. फक्त तू कोर्टमा ये. फौजदारले जे सांगं तेच सांग, का ब्रेक चांगला व्हतात. दुसरा कोनी बोलना ते माले पटाव नही. तू बोलना ते मन्हा जीवले येक डाव समजी जाई, का मीच मारात. मंग जे व्हई ते व्हई."

आतून प्रमिलाबाई चहा घेऊन आली. एक कप तिने लोटनपुढे ठेवला. लोटनला कप उचलवेना. त्याने खिशात हात घातला. आज निघताना जोड पेटीतून काढून त्याने बरोबर घेतला होता. तो त्याने खाटेवर ठेवला.

"भटूभाऊ, तुन्हा पाय चुकना नही."

"तुले काय माहीत?"

"माले माहीत शे. हाऊ तिसरा जोड. मी लायेल."

भटूने तो हातात घेतला. उलटा करून बघितला. चिकटलेल्या बाजूंत नख घालून त्याने त्या उकलायचा प्रयत्न केला. पंचवीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस होता तो. फार सांगावं लागलं नाही.

"उतारवर ओढाई गया," तो हळू म्हणाला.

"हा."

"डबामा जी ओढ बाकी व्हती त्यावर दोन वळनं निघनात."

"हा."

"तुले तव्हय माहीत व्हतं?"

 लोटन म्हणाला, "मनमा भ्याव व्हतं. मी बोलनू नही."

भटू ओरडला नाही. त्याचा आवाज उलट बारीक झाला.

"येक शबद बोलता तू, लोटन. ते मी गाडी वरतूनच लो गिअरमा उतारतू. येळ लागता. दुसरं काय व्हतं? येळ लागता, बस."

प्रमिलाबाई दाराला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, लोटनपुढचा भरलेला कप उचलला आणि तो चहा अंगणात ओतला.

"कोर्टमा सांगशात का?" तिने विचारलं.

"सांगसू, वहिनी."

"मंग जा आते. आनि तारीखलेच या. त्याना आगोदर आठे येऊ नका."

कोर्टात लोटनने सांगितलं. जोड टेबलावर ठेवला, इंजिन कसं ओढतं, रबर कसं बसतं, सगळं समजावलं. रूपचंदशेठच्या बाजूच्या वकिलाने हा माणूस गाववाल्याला वाचवायला आलाय असं म्हणून बघितलं. पण रूपसिंग साक्षीला उभा राहिला. ड्रायव्हर दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. भटू सुटला.

खटला मग लोटनवर आला. त्याचे वकील पितांबरराव भले माणूस होते. त्यांनी शेडवर येऊन त्याला समजावलं.

"एक लक्षात ठेवा. जोड टिकेल असं वाटलं, हे वेगळं. टिकणार नाही अशी भीती होती, हे वेगळं. दुसरं बोललात तर दोन वर्षं आत जाल. भटूला तुम्ही सोडवलंत, तुमचं काम झालं. आता स्वतःला खड्ड्यात घालू नका. बायकामुलं आहेत."

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, "हा जोड घाटात निकामी होईल हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," लोटन म्हणाला. "मला वाटलं, आठ दिवस टिकेल."

मागच्या बाकावर भटू कुबड्या टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली. उठून काही बोलला मात्र नाही.

लोटनला सात महिन्यांची शिक्षा झाली. रूपचंदशेठनी मिस्तरीवर विश्वास ठेवला होता, असं निकालात आलं. त्यांनी पुढच्या हंगामाला दुसरी गाडी आणली.

धुळ्याच्या जेलमधून लोटन सुटला तेव्हा पुन्हा फाल्गुन लागला होता. शहाद्याची शेड दगूबाईने सोडून दिली होती. तो कोरीटला दोन दिवस राहिला, मग धडगावला गेला आणि रूपसिंगला शोधून काढलं. रूपसिंगचा खांदा वाकडाच जुळला होता.

"चैत्याच्या घरी ने मला," लोटन म्हणाला.

"कशाला? त्यांना कळलंय, कोर्टात काय झालं ते. मीच सांगितलं."

"मला सांगायचंय."

रूपसिंगने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चालायला लागला. डोंगरावरून चार तासांची वाट होती. मोहाची झाडं फुलावर आली होती आणि खाली पडलेली फुलं बायका टोपल्यांत वेचत होत्या. चैत्याचं घर टेकाडावर एकटं होतं. त्याची आई बाहेर फुलं वाळत घालत होती. चैत्याची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. म्हातारी एकटीच राहत होती.

तिला पावरी बोली सोडून दुसरं काही येत नव्हतं. रूपसिंग मधे बसला. लोटन बोलला आणि त्याने ते तिला सांगितलं: हा तो मिस्तरी. यानेच रबर लावलं होतं. सात महिने जेलमध्ये होता. माफी मागायला आलाय.

म्हातारीचे हात फुलांवरून फिरतच होते. काडी-कचरा वेचून ती बाजूला टाकत होती. मग तिने काहीतरी विचारलं. रूपसिंगला ते पुढे सांगायचं जिवावर आलेलं दिसलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय, त्या दिवशी वर बसायला तुला जागा दिली असती, तर तू त्या गाडीत बसून घाट उतरला असतास का?"

लोटनने तोंड उघडलं. कोर्टात दिलेलं उत्तर त्याला पाठ होतं, आणि सात महिने तो ते स्वतःलाही देत आला होता. इथे ते बाहेर येईना. प्रकाशाच्या रस्त्यावरून गाडी परत आली तो क्षण त्याच्यापुढे उभा राहिला, भटूचा हसरा चेहरा आणि स्वतःचे तेलाचे हात.

"नाही," तो म्हणाला. "नसतो बसलो."

रूपसिंगला भाषांतर करावं लागलं नाही. मान हललेली तिने बघितली होती. तिने आणखी एक प्रश्न विचारला.

"हे कोर्टात बोललास का, म्हणते."

"नाही."

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठली, वाळलेल्या फुलांची टोपली उचलली आणि आत गेली. दार लावण्याचा आवाज आला नाही. दार नव्हतंच, नुसतं कुडाचं झापड होतं, ते तिने ओढून घेतलं.



"माझा भाचाही होता त्या गाडीत," रूपसिंग म्हणाला. "मी तुझ्या बाजूने साक्ष दिली तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

"तू भटूच्या बाजूने दिलीस."

"हो. भटूच्या बाजूने." रूपसिंग उठला. "खालची वाट सरळ आहे. ओढा लागला की डावीकडे वळ. मी येत नाही."

लोटन एकटा उतरला. धडगावला पोचायला त्याला संध्याकाळ झाली. कचेरीसमोर तळोद्याला जाणारी गाडी माणसं भरून उभी होती, आणि ड्रायव्हर एकाची जागा आहे म्हणून ओरडत होता. लोटन गाडीपाशी गेला, वाकून खालच्या नळ्यांकडे बघत राहिला, इतका वेळ की ड्रायव्हर वैतागला.

"बसायचं आहे का?"

"ब्रेक कसे आहेत?" लोटनने विचारलं.

"चांगले आहेत. का?"

 लोटन गाडीत चढला आणि माणसांमध्ये दाटीवाटीने बसला. गाडी घाटाला लागली तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत. प्रत्येक वळण तो बघत होता, आणि तिसरं वळण कोणतं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.